झीलकरी

२६ एप्रिल, रविवार

या वहीचं मूळ काम वेगळं. इंग्लंडात लीड्सला आलो त्या आठवड्यात नवऱ्याने, अपूर्वने, ती आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘देशाबाहेर राहिलेले दिवस’. पाच वर्षांनी कायमचं राहायची परवानगी मागताना इथलं गृहखातं, होम ऑफिस, ते विचारतं म्हणे. आम्ही पाच वर्षांत दोनदाच सोलापूरला गेलो, त्यामुळे दोन ओळींत काम झालं. उरलेली पानं कोरी बघवेनात म्हणून मी आपली भडभड त्यात ओतत गेले. नवरा म्हणतो, होम ऑफिसने ही वही मागितली तर परवानगी राहू दे, थेट डॉक्टरकडे पाठवतील.

सप्टेंबरात पाच वर्षं पूर्ण होतील. तोवर माझी नोकरी टिकली पाहिजे, बास. माझा व्हिसा कंपनीच्या जिवावर आणि अपूर्वचा नि आमच्या लेकीचा, तनूचा, माझ्या. नोकरी गेली की साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. नियम बदलणार, पाचाची दहा वर्षं करणार, असं रोज कोणीतरी सांगतंच. मी ऐकणं सोडलंय.

आज अजयकाकांकडे तालीम होती. काका आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. चाळीस वर्षांपासून इथे आहेत, पण मूळचे सोलापूरचे, आमच्याच चाळीतले. बाबांनीच त्यांना फोन करून सांगितलं होतं, माझी पोरगी येतेय, बघ जरा. काका एअरपोर्टवर गाडी घेऊन हजर! तेव्हापासून हे घर म्हणजे माझं माहेर. अर्चनाकाकू प्रत्येक वेळी माझी ओटी भरते आणि वर शेंगाचटणीची बरणी देते.

येत्या शनिवारी महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम. मी एखादं भावगीत म्हणणार होते. काका म्हणाले, “पोरी, भावगीतं काय कोणीही म्हणेल. विष्णूअण्णांचा पोवाडा म्हण.” विष्णूअण्णा म्हणजे माझे बाबा. गिरणीत कामाला होते आणि कलापथकात शाहीर. संपात, गेटसभेत, जिथे बोलावतील तिथे डफ घेऊन उभे. तो पोवाडा त्यांनी स्वतः रचलेला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावरचा. मी म्हटलं, “काका, तो जरा गरम आहे.” म्हणाले, “गरमच पाहिजे. इथली पोरं नुसती थंड झालीत.” फेटे मी भगवे मागवणार होते, तर म्हणाले, लालच हवेत, पथकात लालच असायचे. म्हणताना डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. इतक्या वर्षांनी माणसाला गावाची आठवण अशी येते.

काका स्वतः कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीला उभे आहेत. मतदान सात तारखेला. त्या धावपळीतही आमच्यासाठी दोन तास बसले.

२ मे, शनिवार

काय सांगू! चर्चचा हॉल फुल्ल. मागे मोठ्या अक्षरांत ‘१ मे’. मी नऊवारी, लाल फेटा, हातात डफ. मागे झीलकरी म्हणून अपूर्व आणि मंडळातली दोन पोरं. झीलकऱ्यांचं काम सोपं, शाहिराने म्हटलेली शेवटची ओळ उचलायची आणि ‘जी जी रं जी’ करायचं. तरी अपूर्व एकदा आधीच सुरू झाला. त्याचं आयुष्यभर हेच.

‘भीक नको हो, दान नको, ही माती आमच्या हक्काची, घेऊ मनगटजोरानं’ ही ओळ आली आणि मी मूठ वर केली. बाबा करायचे तशीच. सगळा हॉल मुठी वर करून उभा राहिला. इथे जन्मलेली, मराठी तोडकंमोडकं बोलणारी पोरंसुद्धा! काकांनी पहिल्या रांगेतून दोन्ही हात वर केले.

घरी आल्यावर तनू म्हणाली, “आई, तुझा आवाज मोठी होती.” मी दुरुस्त केलं नाही. आज सगळं बरोबर होतं.

४ मे, सोमवार, बँक हॉलिडे

सकाळी मंडळातल्या कोणाचा तरी मेसेज, ‘स्वराली, हे तू आहेस ना?’

मीच. मंडळातल्या कोणीतरी फेसबुकवर टाकलेला व्हिडिओ इथल्या एका रहिवाशांच्या पेजने उचललाय. चाळीस सेकंदांचा तुकडा. लाल फेटा, मूठ, मागे ‘१ मे’, आणि खाली इंग्रजी अक्षरं. ती ओळ कोणीतरी नीट भाषांतर करून घेतलीय, त्यात एक शब्द चुकलेला नाही. ‘आम्ही भीक मागत नाही. ही जमीन आमच्या हक्काची आहे. आम्ही ती जोराने घेऊ.’ वर मथळा, ‘आपल्या चर्चच्या हॉलमध्ये परदेशी कम्युनिस्टांचा मे डे मेळावा.’

एक मे जगभर कामगार दिन असतो हे मला माहीत आहे, शाळेत निबंध लिहिलाय मी. पण तो आमचा राज्याचा वाढदिवसही आहे, हे या येड्यांना कोण सांगणार? आणि जमीन म्हणजे महाराष्ट्राची रे बाबांनो, यॉर्कशरची नाही! काय करायचीय मला तुमची ओली जमीन, कपडे वाळत नाहीत धड.

दुपारपर्यंत दोन लाख लोकांनी पाहिला. एकाने लिहिलंय, हिला मॉस्कोला परत पाठवा. मी अपूर्वला म्हटलं, वाटेत सोलापूरला उतरते म्हणावं. तो हसला नाही. तनूला आज पार्कात नेलं नाही आम्ही. पाऊस आहे असं सांगितलं तिला, बाहेर ऊन होतं.

काकांना फोन केला. म्हणाले, “घाबरू नकोस, मी आहे ना. लेकी, कुठे कमेंट करू नको, कोणाशी बोलू नको. मी निस्तरतो.” केवढा धीर आला.

५ मे, मंगळवार

ऑफिसात गेले तर माझं कार्ड चालेना. खाली साराच उभी होती. सारा आमच्या एचआरची, गोड बाई आहे, तनूच्या वाढदिवसाला कार्ड पाठवते. तिने मला छोट्या खोलीत नेलं, चहा दिला आणि सॉरी, सॉरी म्हणत सांगितलं, की कोणीतरी व्हिडिओ कंपनीला पाठवलाय. आम्ही सरकारी खात्यासाठी सॉफ्टवेअर करतो, त्यासाठी प्रत्येकाचं सिक्युरिटी क्लिअरन्स असतं. माझं चौकशी होईपर्यंत थांबवलंय. लॅपटॉप ठेवून घेतला. पगार चालू.

“आणि क्लिअरन्स परत मिळालं नाही तर?”

“लेट्स नॉट गो देअर येट,” म्हणाली. न जाऊन कसं चालेल, मी तर सकाळपासून तिथेच जाऊन बसलेय. क्लिअरन्स नाही तर प्रोजेक्ट नाही, प्रोजेक्ट नाही तर नोकरी नाही, आणि मग साठ दिवस.

एक मार्ग मात्र तिनेच सांगितला. कार्यक्रम कोणी ठरवला, गाणं कोणी निवडलं, त्याचा अर्थ काय, हे मंडळाने लेटरहेडवर लिहून दिलं तर खूप मदत होईल. मला तर हायसं वाटलं. गाणं सुचवलं काकांनी, फेटे सुचवले काकांनी, अध्यक्षही तेच. दहा मिनिटांचं काम.

संध्याकाळी बाबांचा फोन. त्यांच्यापर्यंत व्हिडिओ पोचलाय आणि म्हातारा हवेत! “स्वरे, अडीच लाख! आमच्या गेटसभेला चारशे जमले तर आम्ही नाचायचो.” मग म्हणाले, डफावर तिसरी थाप उशिरा पडते तुझी. मी त्यांना नोकरीचं काही सांगितलं नाही. शहात्तर वर्षांचे आहेत, रक्तदाब आहे.

६ मे, बुधवार

काकांचा फोन आला, पाच मिनिटंच होती त्यांच्याकडे, दारोदार प्रचार चाललाय. विरोधी लोकांनी व्हिडिओचं पत्रक काढलंय म्हणे. माझ्यामुळे त्यांनाही त्रास. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं.

म्हणाले, “पत्र देतो. पण आधी तू मला एक मेल पाठव. मी सांगतो तसं लिही.” आणि इंग्रजीतून सांगत गेले, मी लिहीत गेले. गाणं, पोशाख आणि सादरीकरण ही सर्वस्वी माझी निवड होती. मंडळाच्या कमिटीला याची पूर्वकल्पना नव्हती.

मी म्हटलं, “काका, कल्पना नव्हती कसं? तुम्हीच तर...”

“अगं टेक्निकल आहे ते. कमिटीची मीटिंग झाली होती का? नाही. म्हणजे कमिटीला कल्पना नाही. तू आधी तुझ्यावर घेतलंस की माझं पत्र त्रयस्थाचं होतं, त्याला वजन येतं. नाहीतर म्हणतील, काका पुतणीला वाचवतायत.”

खरंच, हे मला सुचलं नसतं. चाळीस वर्षं या लोकांत काढलेला माणूस, त्यांची नस ओळखतो. मेल पाठवून टाकला. अपूर्वने वाचला आणि म्हणाला, “हे तू का लिहून दिलंस?” मी म्हटलं, “तुला कळत नाही, गप बस.” तो गप बसला, आणि तो गप बसला की मला जास्त राग येतो.

८ मे, शुक्रवार

काका जिंकले! एकसष्ट मतांनी. आमच्याकडून पेढे न्यायलाच हवे होते, म्हणून दुधाची पावडर परतून घरी केले. काकांच्या दारात गाड्याच गाड्या, आत त्यांच्या पक्षाची माणसं. काकूने दार उघडलं, डबा घेतला, म्हणाली, “अगबाई, कशाला एवढा त्रास,” आणि दारातच उभी राहिली. “आत खूप गर्दी आहे गं. नंतर ये निवांत.” खरंच गर्दी होती. मी खिडकीतून काकांना हात केला, त्यांचं लक्ष नव्हतं.

आता निवडणूक संपली, आता पत्र येईल.

१२ मे, मंगळवार

पत्र नाही. फोन केला तर उचलत नाहीत. मेसेज येतो, ‘बिझी. डोन्ट वरी.’ नव्या कौन्सिलरला पहिल्या आठवड्यात काय काय असेल!

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढलंय. सेक्रेटरीने कळवलं, तात्पुरतं आहे, कायदेशीर सल्ला आहे. मंडळाच्या फेसबुकवरून महाराष्ट्र दिनाचे सगळे फोटो गेले. काकांचे दोन्ही हात वर असलेलाही.

अपूर्व भाजी चिरता चिरता म्हणाला, “तो माणूस तुला तोडतोय, स्वराली.” मी सुरी त्याच्या हातातून काढून घेतली आणि काय काय बोलले. एअरपोर्टवर कोण आलं होतं? तनू तापाने फणफणली तेव्हा हॉस्पिटलात रात्रभर कोण बसलं होतं, तुझी आई? असं बोलायला नको होतं. पण चिडले होते. माणूस निवडून आला म्हणून लगेच वाईट होतो का?

१५ मे, शुक्रवार

घरी येऊन बूटही काढले नाहीत, आधी वही घेऊन बसले.

आज चौकशीची बैठक. सारा आणि व्हेटिंगचा, म्हणजे पार्श्वभूमी तपासणारा, एक माणूस, सभ्य, राखाडी कोट. सारा म्हणाली, “तुमच्या मंडळाचं पत्र आलंय.” मी हसले. हो, मी चक्क हसले! म्हटलं, पाठवलं एकदाचं काकांनी, मला सांगितलंही नाही.

तिने पत्र माझ्यासमोर ठेवलं.

श्रीमती स्वराली या मंडळाच्या सभासद नाहीत. (माझी वर्गणी एप्रिलमध्ये संपली होती, काका म्हणाले होते कार्यक्रमानंतर भर.) त्यांनी आपण होऊन गाण्याचा आग्रह धरला. लाल पोशाखाचाही. मंडळाला पूर्वकल्पना नव्हती, हे त्यांनी स्वतः मान्य केलं आहे, सोबत त्यांचा मेल जोडला आहे. आणि मग शेवटचा परिच्छेद. ‘त्यांचे वडील भारतात कम्युनिस्ट पक्षाच्या कामगार संघटनेचे सक्रिय कार्यकर्ते होते, ही माहिती आम्हाला आता मिळाली असून मंडळाला त्याचा खेद वाटतो.’

खाली सही, कौन्सिलर अजय.

आता मिळाली! अरे, एका चाळीत वाढलास ना तू? पाच वर्षं तुझ्या टेबलाशी बसून मी बाबांच्या गोष्टी सांगितल्या, पोलिसांनी डफ फोडला त्याची, लाल बावट्याच्या ऑफिसातल्या चहाची. तू हसत ऐकायचास. काकू म्हणायची, अजून सांग. इतरांना यातलं काही ठाऊक नाही. ज्या तोंडाने मला लेकी म्हटलं त्याच तोंडाने...

राखाडी कोटवाल्याने फार नम्रपणे विचारलं, वडील अजून पक्षाचे सभासद आहेत का? तुम्ही कधी होतात का? वडिलांशी किती वेळा बोलता? फोनवर गाण्यांविषयी, सभांविषयी बोलणं होतं का?

वडिलांशी किती वेळा बोलता! मी म्हटलं, “रोज.” त्याने लिहून घेतलं.

१६ मे, शनिवार

गेले काकांकडे. फोन न करता. काकूने दार उघडलं आणि आत सरकली. काका बागेत गुलाबांना पाणी घालत होते.

“तुम्ही हे लिहिलंत?” एवढंच म्हणाले मी.

पाण्याचा पाइप त्यांनी खाली ठेवला नाही. “बस ना.”

“उभीच बरी आहे. बाबांचं कशाला लिहिलंत? माझ्यावर ढकललंत ते ढकललंत, पण त्यांचं कशाला?”

“त्यांना ते कळणारच होतं. कोणीतरी शोधून काढलं असतं आणि मग म्हणाले असते, मंडळाने लपवलं. मला लोकांनी निवडून दिलंय, स्वराली. त्यातल्या निम्म्यांना मी इथला वाटत नाही. चाळीस वर्षं झाली तरी गेल्या महिन्यात एकाने दारावर विचारलं, तू कुठून आलास?”

“मग?”

“मग काय. माझी मुलं इथली, नातवंडं इथली. मला दुसरं गावच उरलेलं नाही. तुझं तसं नाही. तुला परत जाता येतं.”

असं म्हणाला तो माणूस. तुला परत जाता येतं. त्या फेसबुकवरच्या लोकांत आणि याच्यात फरक काय राहिला? त्यांनी निदान मला कधी जेवायला वाढलं नव्हतं.

मी रडले. त्यांच्यासमोर रडले, याचा सगळ्यात जास्त राग येतोय. निघताना काकूने हातात बरणी ठेवायचा प्रयत्न केला. मी घेतली नाही. तिचंही तोंड रडवेलं होतं, बरणी तिने परत आत नेली.

घरी अपूर्वने ‘मी म्हटलं नव्हतं का?’ असं म्हटलं नाही. पिठलं केलं होतं त्याने. गुठळ्या झाल्या होत्या. मी निमूट खाल्लं आणि त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली.

१९ मे, मंगळवार

साराने फोन करून बोलावलं. ती मनापासून प्रयत्न करतेय, हे मला दिसतं. म्हणाली, एक वाट आहे. एक निवेदन. मसुदा त्यांच्या वकिलाने केलाय, मी फक्त वाचून सही करायची. मग क्लिअरन्स परत, सगळं पूर्ववत.

वाचलं. ‘माझ्या वडिलांच्या राजकीय विचारांशी व कार्याशी माझा संबंध नाही व कधीही नव्हता. मी त्या विचारांचा निषेध करते. सदर गीत माझ्या वडिलांनी रचलेले असून त्यातील आशय ही सर्वस्वी त्यांची जबाबदारी आहे. यापुढे मी त्यांच्याशी अशा विषयांवर संपर्क ठेवणार नाही.’

मी म्हटलं, “सारा, हे माझे वडील आहेत. त्यांनी मला शिकवलं. गिरणीत रात्रपाळी करून मला इंजिनिअर केलं.”

“आय नो, लव्ह,” ती म्हणाली. “इट्स जस्ट पेपर.”

एक दिवस मागितला. तिने उद्या बारापर्यंतचा दिला.

अपूर्व म्हणतोय, तुला वाटेल ते कर, आपण सोलापूरला जाऊन राहू, मला इथे तरी काय, गोदामात खोकी उचलतोय. चांगला आहे तो. पण तनू शेजारी बसून समुद्राचं चित्र काढत होती. लीड्समध्ये समुद्र कुठे, विचारलं, तर म्हणाली, “शाळेची ट्रिप जाणार ना आई, जुलैच्या शेवटी, स्कारबराला. मी पण जाणार.” जुलैचा शेवट म्हणजे साठ दिवसांत बसत नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

बाबांना काय कळणार आहे? हा कागद लीड्समधल्या एका फाइलीत राहील. ते सोलापुरात शेंगा सोलत बसलेले असतील. कोण जाणार आहे सांगायला?

२० मे, बुधवार

सही केली. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. साराने मिठी मारली. क्लिअरन्स सोमवारपासून चालू होईल. राखाडी कोटवाल्यानेही हात मिळवला आणि म्हणाला, वेल डन. काय वेल डन?

बसमध्ये सारखं ‘सर्वस्वी त्यांची जबाबदारी’ डोक्यात येत होतं. घरी येऊन तनूला कुशीत घेतलं. तिला गुदगुल्या वाटल्या, ती पळाली.

मी बाबांना सांगणार आहे. असं मनात ठेवून मला जगता येणार नाही. त्यांना सगळं सांगेन, काकांचंही, माझंही. ते समजून घेतील. त्यांनी आयुष्यात माझ्यावर कधी हात उचलला नाही, शब्दसुद्धा नाही.

२१ मे, गुरुवार

सकाळी नऊला फोन केला. तिकडे दीड वाजला होता, जेवून बसले होते.

आधी काकांचं सांगितलं. सगळं, पत्राच्या शेवटच्या ओळीसकट. वाटलं होतं भडकतील, शिव्या घालतील. बाबांना शिव्या छान येतात. पण पलीकडे टीव्ही बंद झाला.

मग म्हणाले, “अजयने पुन्हा तेच केलं म्हणायचं.”

“पुन्हा म्हणजे?”

आणि सांगायला लागले. अजय त्यांच्या पथकात होता. सतरा-अठराचा पोरगा, झीलकरी. आवाज फार गोड. बाबांनीच त्याला डफ शिकवला. हाच पोवाडा तो त्यांच्या मागे उभा राहून म्हणायचा, लाल फेटा बांधून. मग कॉलेज झालं, परदेशात जायचं ठरलं. पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला आले. त्यांनी विचारलं, ही गाणी कोणाची, सभा कोण घेतं? अजयने लिहून दिलं, गाणी सर्वस्वी विष्णूची, माझा त्या विचारांशी संबंध नाही, मी फक्त मागे उभा असायचो. त्याचा पासपोर्ट झाला. बाबांना चार महिने आत ठेवलं. गिरणीने परत घेतलं ते दीड वर्षाने. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता.

मी ओरडलेच. “बाबा, आणि त्या माणसाच्या भरवशावर मला इथे पाठवलंत? मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तू त्याच्या घरचं पाणी प्याली असतीस का? परक्या मुलखात एक तरी दार असावं पोरीला. आणि मला वाटलं, लहान होता, घाबरला होता. आता साठीचा माणूस, घरदार झालेलं, आता कशाला घाबरेल.”

ते म्हणाले, “जेल फार वाईट नव्हतं गं. तिथे पण गायचो आम्ही. पण तो कागद मला वाचून दाखवला होता त्यांनी. अजयचं अक्षर लहानपणी मीच गिरवून घेतलेलं होतं. ते मात्र आजपर्यंत जात नाही. माणसाने मारलं तर चालतं, पण सर्वस्वी विष्णूची, असं...” पुढे त्यांचा आवाज चिरकला. माझ्या उभ्या आयुष्यात मी बाबांना रडताना ऐकलेलं नाही. आज ऐकलं.

मग नाक पुसून, नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, “तुझ्याकडून असलं काही लिहून नाही ना मागितलं कोणी?”

मी म्हटलं, “नाही, बाबा.”

“शाब्बास,” ते म्हणाले.